मी बांधलेले दोर

“हिनं बांधलेल्या दोरावर मी माझ्या मुलीला सोडू?”

पुण्याची बाई. बोलली ती माझ्याशी नाही, सरांशी. मी तिच्या मुलीच्या कमरेचा पट्टा आवळत होते. हात तसेच थांबले.

सर म्हणजे कॅम्पवाले. पाथर्डीजवळ आमच्या गावचा कडा आहे. दर रविवारी तिथं शहरातली माणसं आणून कातळ चढायला शिकवायचे. तीन वर्षं मी त्यांच्याकडं कामाला. शेरडांमागं ह्याच कड्यावर अनवाणी वाढले. कुठला दगड हलतो, कुठला धरतो, बोटांना पाठ. गाठी सरांनीच शिकवल्या. पुढंपुढं ते वर बघायलाही यायचे नाहीत. “तू बांधलंस ना? झालं तर मग.” मला तो मान वाटायचा.

त्या सकाळीही पाचही दोर मीच बांधलेले.

सर हसले. “छे छे, मॅडम! ही फक्त चहापाण्याला. दोर मी बांधलेत.”

मग माझ्याकडं वळून, “जा गं, चहा टाक.”

मी गेले. हेच अजून सलतं. गेले, चहा टाकला, कप वाटले. बाईनं कपाची कड रुमालानं पुसली, मग तोंडाला लावला. तिची पोरगी माझ्याच गाठीच्या भरवशावर वर जाणार होती, आणि माझ्या हातचा कप बाईला चालत नव्हता.

किटली खाली ठेवली. मागच्या पायवाटेनं वर गेले. दोरावर कुणी नाही, हे आधी बघितलं. मग एकेक गाठ सोडली. दोर गुंडाळून खाली आणले, सरांच्या पुढ्यात टाकले.

“डोकं फिरलं का तुझं? लोक खोळंबलेत!”

“चहावाली दोर बांधत न्हाई, सर. तुमी बांधा. न्हाईतर मॅडमला खरं सांगा, मग मी बांधते.”

सरांनी वर टोकाकडं बघितलं, मग दोर पायानं बाजूला सारले. “पुढच्या रविवारपासून येऊ नको,” म्हणाले.

घरी आई चिडली. “दोन शब्द गिळले असते तर काय बिघडलं असतं? आता चल माझ्यासंगं उसाला.”

गेले. सगळा हंगाम मोळ्या वाहिल्या. परत आले तर सरांचा ड्रायव्हर दारात. “सर म्हणले, झालं गेलं इसर. ये कामाला.”

“यीन. पर लोकांपुढं सांगायचं, दोर हिनं बांधलेत. जमत नसंल तर न्हाई.”

ड्रायव्हर निरोप घेऊन गेला, तो परत फिरकला नाही. मी वाटही बघत नाही. पुढच्या साली पुन्हा ऊस तोडीन. पण माझ्या हातचं काम दुसऱ्याच्या नावावर चढू देणार नाही.