नळीवरची पट्टी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबूजींनी नागपूरहून बंदूक परत आणली. तिच्या नळीवरची पट्टी त्यांनी बदलून आणली होती.

बंदूक सौंसरजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत डुकरं हाकलायला होती. परवाना बाबूजींच्या नावाचा, पण हात बसला होता माझ्या मोठ्या भावाचा. हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या फोडण्याचा त्याला नाद होता. लोधीखेड्याच्या कुंभाराकडून तो चकत्या करून आणी आणि बागेपलीकडच्या पडीक रानात मी त्या फेकत असे. त्या महिन्यात इंदूरला राज्याच्या नेमबाजी संघाची निवड होती. बागेबाहेर पडायची तेवढीच वाट त्याला दिसत होती.

बंदुकीची जुनी पट्टी डोळ्याकडे उंच आणि टोकाकडे उतरती होती. तिच्यावरून नेम धरला की नळी किंचित वर रोखली जाते आणि छर्रे नजरेच्या वरून जातात. वर चढणाऱ्या तबकडीला हेच हवं असतं. ती पट्टीच्या वर दिसत असतानाच चाप ओढता येतो. डुक्कर मात्र जमिनीवर पळतं. छर्रे त्याच्या पाठीवरून निघून जात, आणि बाबूजींना तेच खुपत होतं.

पूजेसाठी बंदूक पाटावर ठेवताना भावाने पट्टीवरून बोट फिरवलं.

"बाबूजी, हे काय केलं?"

"सपाट करून आणली. डुक्कर काय आभाळात उडते का?"

"मी तबकडी वर ठेवून मारतो. आता छर्रे तिच्या खालून जातीन."

"मंग धर ना बे जराशी वर. पट्टी बदलली, हात तर नाही ना तुटले तुहे?"

आई म्हणाली, "सणाच्या दिवशी काय भांडून राहिले तुम्ही?" बंदुकीला कुंकू लागलं, झेंडूचा हार पडला, आणि विषय संपला.

पट्टी पुन्हा बदलून घ्यायला वेळ नव्हता. उरलेल्या दिवसांत भाऊ तबकडी नळीआड झाकून मारायला शिकत होता. इंदूरला पहिल्या काही फुटल्या. मग घाई झाली आणि बाकीच्या सगळ्या तशाच उडत गेल्या. परत आल्यावर तो मला एवढंच म्हणाला, "हात जुनंच करून राहिला होता."

"चाल, आता बागेकडे पाह्य," बाबूजी म्हणाले. त्या हिवाळ्यात त्याने पुष्कळ डुकरं मारली. पांढुर्ण्याच्या बाजारात बाबूजी ते कौतुकाने सांगत. कुंभाराकडे तो पुन्हा गेला नाही.

पुढच्या पावसाळ्यात बागेची राखण करताना त्याला साप चावला. सौंसरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता. तेरवीला आलेल्यांना बाबूजी सांगत होते, "लेकाचा नेम लय पक्का होता. मीच पट्टी सपाट करून आणली होती ना." माणसं माना हलवत होती. मी पंगतीत वाढत होते.

आई त्यानंतर फार जगली नाही. आता घरात बाबूजी आणि मी आहोत. आमचं बोलणं जेवणापुरतं असतं.