वैभवच्या गाडीचं अॅव्हरेज

गंगाधर धुरी कुणाचाही आकडा सहजासहजी खरा मानत नसत. वाण्याकडे गेले की खिशातलं अर्ध्या किलोचं वजन आधी त्याच्या काट्यावर ठेवून बघत. डॉक्टरने बीपी एकशे तीस सांगितलं तर दुसऱ्या दंडाला पट्टा बांधायला लावत. लालबागच्या त्या टॉवरमधले लोक त्यांना लांबून हात करत; जवळ आले की काही ना काही विचारतील, ही धास्ती.

नोकरीच तशी होती त्यांची. वडाळ्याच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत तेहेतीस वर्षं ते डिझेलवर होते. कंपनीची जमिनीखाली स्वतःची टाकी. रोज सकाळी सातला लांब पितळी पट्टी टाकीत सोडायची, ओल कुठवर आली ते वाचायचं, मग कुठला ट्रक किती किलोमीटर फिरून आला आणि किती प्यायला ते ताडून बघायचं. फरक निघाला की ड्रायव्हरला समोर उभं करायचं. चार चोर पकडले त्यांनी असे. पाचवा मात्र चोर नव्हता. ट्रकच्या पोटाखालचा पाइप झिरपत होता, हे कळलं तोवर तो माणूस नोकरी सोडून गावी गेला होता. "तेव्हा पट्टीने दाखवलं ते मी सांगितलं," एवढंच गंगाधर घरी म्हणाले आणि जेवायला बसले.

रिटायर झाल्यावर मोजायला काही उरलं नाही. चाळ पडून तिथे टॉवर झाला, एकोणिसाव्या मजल्यावर जागा मिळाली, आणि दोन वर्षांपूर्वी मुलाने, वैभवने, एक छोटी पेट्रोल गाडी घेतली. वैभव छत्तिशीचा. बीकेसीतल्या एका विमा कंपनीत क्लेमच्या विभागात कामाला. शोरूमवाल्याने छातीला हात लावून सांगितलं, लिटरला बावीस. गंगाधर तिथेच हसले. घरी येऊन त्यांनी एक कोरी वही काढली.

पहिल्या टाकीला चौदा आले. कंपनीचा आकडा मोकळ्या रस्त्यावरचा, त्यात सायनचा सिग्नल नसतो, हे त्यांना माहीत होतं. मुंबईत एसी लावून चौदा म्हणजे गाडी प्रामाणिक. वर्ष-दीड वर्ष चौदाच्या आगेमागे चाललं. दिवाळीनंतर तेरा झाले. मग बारा. फेब्रुवारीत अकरा आणि मार्चमध्ये दहा पॉइंट दोन.

दहा पॉइंट दोन लिहिताना त्यांचा हात थांबला. रस्ता तोच, माणूस तोच, गाडी तीच. म्हणजे कुणीतरी खातंय.

पहिला संशय पंपावर. गंगाधर सकाळीच पंपावर जाऊन उभे राहिले आणि पाच लिटरचं सरकारी माप मागितलं. मॅनेजरने कपाळाला आठ्या घातल्या, पण माप काढावं लागलं. पेट्रोल बरोब्बर रेघेला लागलं. गंगाधरांनी खाली वाकून दोन बाजूंनी बघितलं. रेघेलाच.

"आता पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त असतं, काका. थोडा फरक पडतो," पंपावरचा माणूस म्हणाला.

"थोडा पडतो. चार किलोमीटरचा नाही पडत."

मग गॅरेजवाला. त्याने एअर फिल्टर काढून दाखवला, प्लग दाखवले, चाकांतली हवा बघितली. सगळं ठीक. ठीक आहे म्हटल्यावर तर गंगाधरांना तोच लबाड वाटायला लागला.

वैभव घरी आला की दारातच उलटतपासणी सुरू व्हायची. बूट काढायच्या आधी.

"किती झालं आज?"

"एकवीस, बाबा."

"सायनवरून आलास की तुळशी पाइप रोडने?"

"सायन."

"एसी कितीवर होता? मीटरचा फोटो काढलास?"

फोटो ही दिवाळीनंतरची सोय. वैभव मोबाइल पुढे करायचा आणि पाणी प्यायला आत जायचा. त्याची बायको मानसी, सरकारी ऑफिसात नोकरीला असलेली, स्वयंपाकघरातून एकदा बाहेर बघायची आणि पुन्हा आत वळायची.

रस्त्याचा संशय फेडायला गंगाधरांनी भाच्याला बोलावलं. धनेश हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानांचा माल पोचवायचा, त्याच्याकडे अकरा वर्षांची छोटी डिझेल गाडी होती. तीन दिवस मामा-भाचे वैभवच्याच वेळेला, वैभवच्याच रस्त्याने, एसी लावून बीकेसीला गेले आणि आले. टाकी भरून निघायचं, टाकी भरून थांबायचं. सतरा आले.

"डिझेलला एवढ्या गर्दीत सतरा," धनेश म्हणाला, "म्हणजे वैभवच्या पेट्रोलला तेरा-चौदा मिळायलाच पाहिजेत मामा. रस्ता नाही खात."

"मग पार्किंगमधून कोणी काढत असेल."

"आताच्या गाडीत नळी जात नाही, मधे जाळी असते." धनेशने खांदे उडवले. "गाडी उभी असली तरी पिते ना पण. इंजिन चालू असेल तर. मी माल उतरवताना एसी ठेवला की मला कळतंच."

 उभ्या गाडीचं गंगाधरांच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. ट्रकवाले उन्हाळ्यात इंजिन चालू ठेवून झोपायचे, त्यांनीच पकडले होते. पण वैभव? ऑफिस ते घर?

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी वैभव वर आला आणि गंगाधर लिफ्टने खाली गेले. टॉवरच्या तिसऱ्या मजल्यावर पार्किंग. वैभवच्या गाडीखाली मोठ्या ताटाएवढं थारोळं पडलं होतं. त्यांनी बोट बुडवून वास घेतला. पाणी. एसीचं पाणी. चालत आलेल्या गाडीचं पाणी रस्त्यावर सांडत येतं, इथे चार थेंब पडले असते. एवढं साचायला गाडी इथेच उभी राहून अर्धा-पाऊण तास चालू असायला हवी.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला ते पार्किंगमध्ये एका खांबाआड जाऊन उभे राहिले. हवा कोंडलेली. सदरा पाठीला चिकटला. सात वाजून पाच मिनिटांनी गाडी आली, जागेवर लागली, दिवे विझले. इंजिन चालूच राहिलं.

वैभव खाली काय करत असेल, त्या सगळ्या शक्यता गंगाधरांनी रात्रभर मनात मांडल्या होत्या. बाई असेल. बाटली असेल. फोनवर कुणाशी तरी सौदा असेल. त्यांनी मान पुढे काढली. वैभव एकटा होता. सीट मागे टाकली होती. फोन कानाला नव्हता, हातातही नव्हता. हात मांडीवर, डोळे उघडे, समोरच्या भिंतीकडे. नुसता बसला होता.

गंगाधर घड्याळ बघत राहिले. बेचाळीस मिनिटं. गाडीखाली पाणी थेंबाथेंबाने वाढत होतं. काहीतरी सापडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. काहीच नाही याची भीती वाटली.

ते आधी वर पोचले. वैभव मागून आला. "हिंदमाताला जाम होतं," विचारायच्या आधीच म्हणाला.

"बरं," गंगाधर म्हणाले आणि पुढे काही विचारलं नाही.

लक्ष्मीबाईंनी, त्यांच्या बायकोने, मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. सकाळी मुलगा-सून कामाला गेल्यावर गंगाधरांनी दार लावलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. लक्ष्मीबाई गवार मोडत होत्या. हात थांबला नाही.

"माका म्हायती आसा," त्या म्हणाल्या.

"काय माहिती आहे?"

"खाली बसता तो. मानसीक पण म्हायती आसा. वॉचमनाक पण."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुमका सांगितल्यार तुमी खाली जाऊन उभे ऱ्हवतलास. ऱ्हवलासच." मग त्या शेंगा बाजूला सारून नीट बोलल्या. "अहो, दिवसभर डोकं पिकून येतो तो. दारात तुम्ही धरता. किती, कुठून, फोटो दाखव. वर यायच्या आधी थोडा वेळ शांत बसतो. दिवाळीपासून बसतो."

गंगाधरांनी वही उघडली. दिवाळी, तेरा. त्याआधी चौदा. त्यांनी पान मिटलं. हिशोब जुळत होता, पण पटत नव्हता. शांत बसायला माणूस पेट्रोल जाळत नाही. बायको काहीतरी झाकते आहे. नोकरी गेली असेल त्याची. आजकाल जातात. सकाळी निघतो, दिवस कुठेतरी काढतो, संध्याकाळी येतो.

लक्ष्मीबाई देवळात गेल्यावर त्यांनी वैभवच्या ऑफिसच्या मुख्य नंबरवर फोन लावला. आवाज बदलून वैभव धुरी अजून तिथे असतात का, असं विचारलं. फोन उचलणारी मुलगी म्हणाली, मीटिंगमध्ये आहेत, कोण बोलतंय? गंगाधर गोंधळले आणि त्यांच्या तोंडून खरं निघालं. "वडील."

त्या संध्याकाळी वैभव सात वाजून दहा मिनिटांनी वर आला. म्हणजे खाली बसलाच नव्हता. बूटही काढले नाहीत.

"बाबा, ऑफिसात फोन केलात? मी अजून कामाला आहे का म्हणून?"

"सहज केला."

"सहज? सगळ्यांसमोर फोनवरच्या मुलीने मला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना." वैभवचा आवाज चढला नाही, त्यानेच गंगाधरांना जास्त लागलं. "मी दिवसभर लोकांना प्रश्न विचारतो बाबा. गाडी कशी ठोकली, कोण चालवत होतं, बिल खरं का. ते मला शिव्या घालतात. इथे आलो की तुम्ही मला विचारता. मी कुठे जाऊ? गाडीत कुणी काही विचारत नाही."

"मग एसी कशाला?" गंगाधरांच्या तोंडून गेलं. "एसी बंद करून बसायचं."

मानसी स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ती खुदकन हसली आणि लगेच हसू दाबलं. वैभव हसला नाही. खुर्चीवर बसला.

"अजून एक आहे," तो म्हणाला. "मानसीला अँटॉप हिलला राहायला सरकारी क्वार्टर मिळालं आहे. दोन महिने झाले पत्र येऊन. तुम्हाला कसं सांगायचं तेच खाली बसून ठरवत होतो रोज."

म्हणजे लपवत होते. गंगाधरांच्या मनात आधी हेच आलं, की मला आलेला वास बरोबर होता. मग त्यांनी लक्ष्मीबाईंकडे बघितलं. त्या पदराने डोळे पुसत होत्या, म्हणजे पत्राचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेव्हा मात्र गंगाधरांना आपलं बरोबर निघाल्याचं काही वाटेना.

"कितवा मजला?" त्यांनी विचारलं.

"दुसरा."

"पाणी येतं का नीट?" एवढं विचारून ते गॅलरीत गेले आणि जेवायला हाक मारीपर्यंत आत आले नाहीत.

एप्रिलअखेर दोघं गेली. सामान धनेशच्या गाडीतून तीन खेपांत गेलं. गंगाधर प्रत्येक खेपेला खाली उतरले आणि गाठी ओढून बघितल्या. घरात जागा झाली. संध्याकाळी सातला ते अजूनही दाराकडे बघायचे. लक्ष्मीबाई आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या.

महिन्याने वैभवचा मेसेज आला, न मागता. टाकी फुल ते टाकी फुल, तेरा पॉइंट आठ. खाली मीटरचा फोटो. गंगाधरांनी चष्मा लावून फोटो मोठा केला. पंपावरचं नोझल पहिल्यांदा आपोआप थांबलं तिथेच थांबलास की वरून अजून ओतलंस, असं त्यांनी टाइप केलं. बराच वेळ त्याकडे बघितलं. मग सगळं पुसून "छान" एवढंच पाठवलं.

जूनच्या पहिल्या रविवारी वैभव आला, सरळ वर. जेवणाला मासे हवेत म्हणून बापलेक वरळी कोळीवाड्याला निघाले. गंगाधर पुढे बसले. डोळे सारखे मीटरकडे जात होते, ते ओढून त्यांनी बाहेर लावले. परळ गेलं. एलफिन्स्टनला गाडी अडकली. 

वैभवच आपण होऊन बोलायला लागला. ऑफिसात एक क्लेम आला होता. कुणाचा तरी छोटा टेम्पो नाशिकहून मुंबईला येताना घाटाच्या अलीकडे जळून गेला. कागद सगळे व्यवस्थित, पंचनामा आहे, ड्रायव्हरचा जबाब आहे. "पण मला काहीतरी खटकतंय," वैभव म्हणाला. "काय ते सांगता येत नाही. साहेब म्हणतात पास कर."

गंगाधर त्याच्याकडे वळले.

"नाशिकहून निघाला म्हणतो?"

"हो. टाकी फुल करून. पंपाची पावती लावली आहे."

"जळाल्यावर टाकीत किती होतं?"

वैभवने मान वळवून बापाकडे बघितलं. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"सर्व्हेयरने लिहिलं नाही," तो म्हणाला.

"लिहायला लाव. पत्रा वाकतो, पण काळ्या रेघेवरून कळतं टाकी किती भरली होती ते. आणि तिथवर यायला टेम्पोला किती लागतं, ते मी सांगतो तुला. जुळलं नाही, तर तो नाशिकहून आलाच नव्हता. रिकामा होता की माल होता?"

"माल होता म्हणतो."

"म्हणतो," गंगाधर म्हणाले.

वैभवने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि फोनवर लिहून घ्यायला सुरुवात केली. काचा खाली होत्या, उकडत होतं. कोळीवाड्यात पोचेपर्यंत साडेदहा वाजले, चांगले पापलेट संपले होते. बांगडे घेऊन दोघं घरी आले.