दादाच्या नावापुढं ‘काही नाही’

फोनमध्ये प्रत्येक माणसाला वेगळा आवाज देता येतो हे मला कळलं तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. मी हिंगोलीत एका कार्यालयात लिपिक आहे. दुपारी टेबलावर काम नसलं की फोन घेऊन बसायचो. साहेबांच्या नंबराला कडक घंटी लावली आणि वर दोनदा थरथर. बायकोला बासरी. सकाळी पाचचा अलार्म, सव्वानऊचा डब्याचा, दुपारी एकचा बीपीच्या गोळीचा. गोळीच्या अलार्मला कोंबड्याची बांग लावली होती. ती आरवली की सगळी शाखा हसायची, आणि मला बरं वाटायचं.

माझ्या थोरल्या भावाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ती कशामुळं गेली हे चार वर्षं मला एकट्याला माहीत होतं. फोनची एवढी चर्चा सुरुवातीलाच करतोय ती त्यासाठी.

शेती दादाच करतो. वसमतच्या अलीकडं आमचं गाव, काळी जमीन, चार एकर हळद. वडील गेले तेव्हा मी नोकरीत होतो, तो नांगरावर होता, तसंच पुढं चालू राहिलं. मी हळद शिजवायच्या दिवसांत जायचो, कढईपाशी उभं राहून दोन गोष्टी सांगायचो आणि येताना वर्षाची हळद पिशवीत घालून आणायचो. वहिनी हसत म्हणायच्या, “भाऊजी, तुमचा हात लागला म्हणून औंदा रंग चांगला आला बघा.” टोमणाच होता तो. लागायचा मला.

म्हणून मी विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवून दिला. मोटारीच्या डब्यात एक सिम असतं. लाइट आली की तो डबा आपल्याला फोन करतो. आपण त्याला फोन लावून एक आकडा दाबला की मोटार चालू, दुसरा दाबला की बंद. ठिबक असल्यामुळं पाणी वळवायला माणूस लागत नव्हता. डब्यात आपोआप चालू व्हायचीही सोय होती, पण आमच्याकडं लाइट आली की पहिली पाच मिनिटं झपके मारते. त्यात एकदा मोटार जळाली, मग ती सोय बंद केली. सिम माझ्या नावाचं, डब्याचा फोन माझ्याकडंच यायचा. मी त्याला रेल्वेच्या शिट्टीचा आवाज लावला. डब्याचा नंबर असा साठवून ठेवला की फोनवरचा चार नुसता दाबून धरला की फोन लागावा, मागोमाग चालू करायचा आकडा आपोआप जावा. पाच दाबून धरला की बंद. हिंगोलीत खुर्चीवर बसून मी हळदीला पाणी देऊ लागलो. घरच्या शेतीत माझा एवढाच वाटा होता, एक अंगठा.

अडचण एकच होती. दादा मोटारीत हात घालून बसलेला असेल आणि मी इकडून चालू केली तर? वडिलांच्या काळापासून आमच्याकडं नेम होता की मोटारीला हात लावायचा तर आधी खांबावरच्या पेटीतल्या फ्यूजच्या ग्रिपा काढायच्या आणि स्वतःच्या खिशात ठेवायच्या. काम होईपर्यंत त्या खिशातून बाहेर काढायच्या नाहीत, कुणी मागितल्या तरी. पण पेटी होती बांधावर, विहिरीपासून लांब. दादा म्हणाला, “आता तुझ्या फोनवरच हाय सगळं, तर मी तुलाच सांगत जाईन.” मी म्हणालो, “सांगत बसू नको, मी मीटिंगमध्ये असतो. मिस कॉल दे. एक दिला की मी थांबतो. काम झालं की दोन दे.”

“एक म्हणजी थांब, दोन म्हणजी सोड. बराबर?”

“बराबर.”

दीड वर्ष ते बिनचूक चाललं. दादानं ग्रिपा काढणं सोडून दिलं. त्या ग्रिपांच्या जागी मी होतो.

दादाचे फोन मात्र मिस कॉलवर थांबायचे नाहीत. दिवसाला आठ-दहा. सातबारा काढून ठेव. विम्याचं काय झालं. अमक्याचा पोरगा येऊन राहिला तुझ्याकडं, त्याचं काम करून दे. गावातल्या कुणाचं काहीही अडलं की दादा छाती फुगवून माझा नंबर द्यायचा आणि मग मला कळवायला फोन करायचा. त्याचा आवाज एवढा मोठा की फोन कानाला असूनही शेजारच्या टेबलाला ऐकू जाई. एकदा साहेब समोर बसले असताना फोन वाजला. मी घेतला नाही. परत वाजला. शेजारचा म्हणाला, “घ्या हो, म्हैस व्याली असंल गावाकडं.” साहेब हसले. साहेब हसले म्हणून सगळे हसले. मीही हसलो.

त्या दुपारी मी फोनमध्ये दादाचं नाव काढलं, आवाजांची यादी उघडली. यादीत सगळ्यात वर लिहिलेलं असतं, ‘काही नाही’. ते निवडलं. थरथरही बंद केली.

संध्याकाळी परत चालू करू असं ठरवलं होतं. पुढं मी स्वतःला सांगत राहिलो की विसरलो. विसरलो नव्हतो. बरं वाटत होतं. आता दादाचे फोन माझ्या सवडीनं दिसायचे, तासा-दोन तासांनी, आणि मी सवडीनं उलटा फोन करायचो. मोटारीचं मात्र सांभाळायचो. रेल्वेची शिट्टी झाली की आधी दादाचा मिस कॉल आहे का ते बघायचं, मगच चार दाबायचा. सात महिने बघत आलो.

त्या दिवशी दुपारी आम्ही चौघे समोरच्या टपरीवर भजी खात होतो. आमच्यात एक नवीन बदलून आलेले गृहस्थ होते. शिट्टी वाजली तसे ते दचकले. मी म्हणालो, “बघा, इथून चाळीस किलोमीटरवर मोटार चालू करून दाखवतो.” एका हातात भज्याचा कागद होता. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चार दाबून धरला. फोनमधली बाई म्हणाली, मोटार चालू झाली आहे. गृहस्थ म्हणाले, “कमाल आहे.” मी आणखी एक प्लेट सांगितली.

पडद्याच्या कोपऱ्यात मिस कॉलची खूण होती. ती मला दिसली होती. कुणाची आहे ते मी बघितलं नाही.

पाचेक मिनिटांनी गावातून एका शेजाऱ्याचा फोन आला. दादा पंपात दोरी भरत होता. पंपातून पाणी गळायला लागलं की दांड्याभोवती तेल लावलेली सुती दोरी ठासून भरावी लागते. दोरी बोटांना गुंडाळलेली होती. दांडा फिरला आणि दोरीनं बोटं आत ओढली. अंगठ्याशेजारची दोन.

त्याला नांदेडला नेलं. मी पोचलो तेव्हा हात बांधून झाला होता. शुद्धीवर होता. मला बघितल्या बघितल्या म्हणाला, “मिस कॉल दिल्ता की रे मी. आला न्हाई का?”

खाटेजवळ वहिनी उभ्या होत्या, फोन करणारा तो शेजारीही होता. मी म्हणालो, “न्हाई आला, दादा. रेंज नसंल.”

त्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, “विहिरीपाशी तसंच हाय रेंजचं. माझंच चुकलं. ग्रिपा काढाया पाहिजे व्हत्या. बाप सांगून सांगून मेला.”

मी बाहेर व्हरांड्यात आलो. भिंतीकडं तोंड करून त्याचा मिस कॉल फोनमधून पुसला. शिट्टीच्या आधी सात मिनिटांचा होता तो. मग त्याच्या नावाला आवाज लावला. यादीतला सगळ्यात मोठा.

चार वर्षं झाली. दादाला विळा धरता येत नाही. हळदीचे गड्डे मोडायला बसतो, पण अर्धं काम डाव्या हातानं. सही बदलली म्हणून बँकेनं दोनदा परत पाठवला, तेव्हा मी ओळख द्यायला गेलो. तो कॅशियरला म्हणाला, “दोन गडी रजेवर हायत साहेब, आठावर भागवून राहिलो.” तिथले सगळे हसले. माझ्याकडं वळून म्हणाला, “तू काहून हसंना? तुझी तर शाबूत हायत.”

पण जिनं मला आतून खाल्लं ती गोष्ट वेगळी होती. मी सांगितलेल्या रेंजवर दादानं पक्का विश्वास ठेवला. डब्याचं सिम दुसऱ्या कंपनीचं होतं, म्हणून त्याला शंकाही आली नाही. विहिरीच्या पलीकडं एक टेकाड आहे, मुरमाचं. मोटारीला हात लावायचा असला की तो आधी ते टेकाड चढायचा. वर उभा राहून मिस कॉल द्यायचा, आणि माझा उलटा फोन येईपर्यंत तिथंच थांबायचा. ग्रिपाही काढायचा, पण नुसत्या ग्रिपांवर त्याचा भरवसा राहिला नव्हता. उन्हात, चिखलात, फवारणीचा पंप पाठीवर असतानासुद्धा चढायचा. मला फोनमध्ये त्याचा दम लागलेला ऐकू यायचा. “आला का?” “आला.” “रेंज हाय ना बराबर?” “हाय.” विहिरीपाशी रेंज पहिल्यापासून होती. माझंही सिम दादाच्याच कंपनीचं, मी स्वतः तिथं उभा राहून बायकोशी व्हिडिओवर बोललेलो आहे.

कितीदा वाटलं, सांगून टाकावं. मग वाटायचं, बोटं काही परत येणार नाहीत, उगाच घर कशाला फोडा. हे शहाणपण माझ्या फार सोयीचं होतं.

यंदा पोळा झाल्यावर आठ दिवस झड लागली. त्यात दादा टेकाडावरून घसरला. गुडघा मोडला नाही, पण टम्म सुजला. वहिनींनी फोन केला. म्हणाल्या, “भाऊजी, त्या रेंजपायी आता पाय घालवून बसले. तुमी तरी सांगा त्याहिला, चढू नका म्हणून. तुमचं ऐकतात.”

शनिवारी मी गेलो. दादा ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता, गुडघ्याला हळद-चुन्याचा लेप. वहिनी सुपात डाळ निवडत होत्या. चहा झाला. त्यानं विचारलं, “टॉवरचं काही करता येत न्हाई का तुमच्या हापिसातून? अर्ज बिर्ज?”

मी म्हणालो, “दादा, रेंज होती.”

“कव्हा?”

“त्या दिवशी. तुझा फोन आल्ता मला.”

तो बघत राहिला. “मंग वाजला काहून न्हाई?”

“मी तुझा आवाज बंद केल्ता फोनमधला.”

वहिनींचा हात सुपात थांबला. मी घडलं तसं सांगितलं. म्हैस व्याल्याचा विनोद, साहेबांचं हसणं, सात महिने बंद ठेवलेला आवाज, भजी, कोपऱ्यातली खूण, नांदेडच्या व्हरांड्यात पुसलेला कॉल. कुठलीही पळवाट ठेवली नाही. मला वाटत होतं तो चिडेल, शिव्या देईल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. खरं सांगायचं तर मला शिव्या हव्या होत्या.

त्यानं गुडघ्यावरचा लेप डाव्या हातानं नीट केला. मग विचारलं, “एकट्या माझाच बंद व्हता?”

“व्हय.”

“साहेबाचा चालू?”

“चालू.”

“अन् मोटारीचा?”

मी मान हलवली.

“म्हणजी मोटार वरडली तर तुला ऐकू येत व्हतं.”

वहिनी म्हणाल्या, “चार साल, भाऊजी. चार साल ह्या माणसाला टेकाड चढवलं तुमी.”

“तू गप,” दादा त्यांना म्हणाला. माझ्याकडं न बघता बोलत होता. “सात म्हैने म्हणलास न्हवं? त्या सात म्हैन्यात लई फोन केल्ते मी. काही कामाचे न्हवते. कढईपाशी एकटा बसलो की लावायचो. तू घेत न्हवतास, तर म्हणायचो, लई काम हाय पोराला. गावात बी तेच सांगायचो. लई काम असतं त्याला.”

बोटांचा त्यानं शब्दही काढला नाही.

मी त्याच्या पायाला हात लावायला वाकलो. त्यानं दुखरा पाय हळूच मागं ओढून घेतला आणि विचारलं, “गाडी कितीची हाय तुझी?”

“चारची.”

तेव्हा साडेअकरा वाजले होते. वहिनींनी जेवायचं विचारलं नाही. या घरातून न जेवता निघायची माझी ती पहिली वेळ. मी फाट्यावर येऊन बसलो.

सांगितलं की हलकं वाटतं असं लोक म्हणतात. मला तसं काही झालं नाही. चार वर्षं त्याची दोन बोटं नव्हती, पण एक धाकटा भाऊ होता, लई काम असलेला, गावात नाव सांगण्यासारखा. तो मी त्याच्याकडून काढून घेतला, आणि तेही माझी झोप नीट लागावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी लाइटच्या वेळेला डब्याचा फोन आला नाही. लाइट गेली असेल म्हणून मी अर्धा तास थांबलो, मग दादाला फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. परत लावला. तिसऱ्यांदा वहिनींनी उचलला.

“डब्यातलं शिम काढलं त्याहिनी,” त्या म्हणाल्या. “मोटार हातानं चालू करीन म्हणले. काठी टेकत जाऊन आले आत्ता विहिरीवर.”

“अशा गुडघ्यानं?”

“मंग काय करावं?”

“दादाला द्या की जरा फोन.”

पलीकडं त्यांनी फोनवर हात ठेवलेला कळला. काहीतरी बोलणं झालं, मला नीट ऐकू आलं नाही. मग त्या म्हणाल्या, “समोरच बसलेत. न्हाई म्हणून राहिले.”

“बरं,” मी म्हणालो.