बाबांच्या नावावरचा डूख

आमच्या गावात राग सगळ्यांनाच यायचा आणि बाजारापर्यंत जाऊन येईतो ओसरायचाही. रुसवा फार तर चतुर्थीपर्यंत टिकायचा, कारण गणपतीच्या आरतीला तोंड फिरवून किती वेळ उभं राहणार? डूख वेगळा. अर्धवट मारलेला साप डूख धरतो म्हणतात. माणसांमध्ये गावाने हा शब्द माझ्या वडिलांसाठी राखून ठेवला होता.

बाबा आणि पलीकडच्या घरातले काका, म्हणजे त्यांचे चुलतभाऊ, नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. मधला दगडांचा गडगा काकांनी हातभर आमच्याकडे सरकवला, एवढंच कारण. त्या हातभर जागेत धड अळूसुद्धा झालं नसतं. विहीर मात्र दोन्ही घरांना एकच होती, आणि काकांची मुलगी नि मी त्या विहिरीवर पाणी भरता भरता मैत्रिणी झालो होतो.

गोवा मोकळा व्हायच्या आधीच्या एका उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा कुडाळकडचा, मुंबईहून पंधरा दिवसांच्या रजेवर आलेला. आम्हाला आमंत्रण नव्हतं. लग्न तीन दिवसांवर आलं आणि आमच्याकडे मुंबईहून दोन्ही घरांना मिळून एकच कार्ड आलं. बाबांचे आणि काकांचे सख्खे चुलते वारले होते. बाबांनी ते वाचलं, रिवाजाप्रमाणे लगेच फाडलं, परसात जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. मग आई आणि मला बजावलं, “पलीकडे कोणी बोलूचा नाय. पोरीचा लगीन होऊन जावंदे. कानार पडला नाय तर सुतक लागणा नाय.” दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे देवक बसणार होतं. एकदा देवक बसलं की सुतकाने लग्न अडत नाही. प्रश्न एका दिवसाचा होता.

त्या संध्याकाळी ती विहिरीवर भेटली. मी तेरा वर्षांची, ती सतराची. मला बघून तिने आपली घागर उचलून लांब ठेवली. “लगीन होयसर तू हंय येव नको गो,” ती आईच्याच सुरात म्हणाली. “आवस म्हणता, तुमची सावली नको.”

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “लगीन कसला करतास? मुंबयचे आजोबा गेले. तुमका सुतक आसा.”

खोटं कशाला सांगू, बोलताना मला बरं वाटलं.

थोड्या वेळाने काका गडग्यापाशी आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते बाबांशी बोलले. “खरा?” बाबांनी माझ्याकडे पाहिलं. गेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलणं त्यांना जमलं नाही. “खरा,” ते म्हणाले.

लग्न राहिलं. नवऱ्याकडच्यांनी अपशकुन मानला आणि रजा संपायच्या आत दुसरी मुलगी करून घेतली. काकांची मुलगी पुढे इन्सुलीकडे एका बिजवराला दिली. त्याला तीन मुलं होती. ती माहेरी फारशी आली नाही. गाव बाबांबद्दल म्हणालं, “नऊ वर्सां डूख धरून होतो. आपल्या पोरीक पुढे केल्यान आणि दाव साधल्यान.” बाबा देवळात जायचे बंद झाले. एकदा मी रडत म्हटलं, मी सांगते सगळ्यांना. ते म्हणाले, “गप ऱ्हव. माझा नाव आदीच वायट आसा. तुझा लगीन होवचा आसा.”

माझं लग्न झालं, चांगलं झालं. त्यानंतर चार वर्षांनी बाबा गेले. पलीकडून खांदा द्यायला कोणी आलं नाही. काका गडग्याआड उभे होते, मला दिसत होते. चार पावलं जाऊन खरं काय ते सांगायचं, एवढंच होतं, आणि आता माझं काही बिघडणार नव्हतं. मी तोंडाला पदर लावून रडत राहिले. तिरडीला चौथा माणूस दुसऱ्या वाडीतून बोलावून आणला.