पुढची पाती

क्लबात तिला सगळे कानसताई म्हणत. नेमबाजीच्या त्या क्लबातली पिस्तुलं आणि रिव्हॉल्वरं दुरुस्त करायचं काम तिच्याकडे होतं, आणि कानस हातात नसली तर ॲप्रनच्या खिशात असायची. नवरा म्हणायचा, बघायला गेलो तेव्हा हिने माझ्याकडे पाहिलं तेही कुठून घासायला घ्यावं या नजरेने. नवऱ्याला घासून फारसा फरक पडला नाही, पण लोखंडाच्या बाबतीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

हे सगळं शिकवलं दादाने. वडील लवकर गेले. दादा तिच्याहून चांगला दहा-बारा वर्षांनी मोठा. त्याने शिक्षण सोडून हत्यारांच्या कारखान्यात नोकरी धरली, धाकट्या बहिणीला वाढवलं, आणि ती मागेच लागली म्हणून तिला कानस धरायला शिकवलं. पुढे तो निवृत्त झाला, वहिनी गेली, मुलगा लांब जाऊन तिकडचाच झाला. आता दादाच्या आठवड्यात जीव होता तो क्लबात येऊन रिव्हॉल्वर चालवण्यापुरता. बाकीचे दिवस कसे काढतोस, हे विचारायची तिची छाती होत नसे.

तर हा दादा एक दिवस तिच्या टेबलाशी आला आणि रिव्हॉल्वर पुढे ठेवून म्हणाला, "ठमे, पुढची पाती जाड वाटतेय. बाजूचा उजेडच दिसत नाही."

यात काही नवल नव्हतं. नेम धरताना मागच्या खाचेतून नळीच्या टोकावरची पाती बघायची, आणि पातीच्या दोन्ही अंगांना उजेडाची सारखीच चीर दिसली पाहिजे. वय झालं की पाती धूसर होते, फुगल्यासारखी दिसते, चिरा बुजतात. मग पाती जरा बारीक करून घ्यायची. पिकल्या केसांचे निम्मे नेमबाज याच कामासाठी तिच्याकडे यायचे आणि डोळ्यांना सोडून पातीला नावं ठेवायचे.

जुनी पाती तशीच ठेवून तिने नवी घडवली. दोन्ही बाजूंनी सारखी घासली, उंचीला हात लावला नाही, कारण उंची उतरली की गोळ्या वर चढतात. वरची कड धारदार राखून मेणबत्तीच्या काजळीने काळी केली. दादाने नेम धरून पाहिला आणि म्हणाला, "हां, बरी आहे." पण पंधरवड्यात परत हजर. अजून जाड वाटते म्हणे. तिने आणखी बारीक केली. तो पुन्हा आला.

"दादा, याच्याखाली गेलं तर पाती खाचेत इकडेतिकडे भटकेल. नेम कुठे धरायचा तेच कळणार नाही."

"तू कर गं. वाद घालू नकोस."

तिच्या कपाळाला आठी पडली, पण लहानपणापासून दादाचा शब्द तिने खाली पडू दिला नव्हता. तिने केली. पाती इतकी बारीक झाली की तिची तिलाच लाज वाटली.

त्या आठवड्याच्या सरावात दादाचा निशाण्याचा कागद जवळजवळ कोरा आला आणि शेजाऱ्याच्या कागदावर छिद्रं जास्त निघाली. शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर होते, भला माणूस. "दादांनी आज आम्हाला फुकटात पास केलं," म्हणाले, आणि सगळे हसले. दादाही हसला. पातीच भटकते हो, म्हणाला. दोष आपल्या कामावर आला याचं कानसताईला काही वाटलं नाही. ती घाबरली ती वेगळ्याच कारणाने. आज शेजारचा कागद होता. कागद बदलायला माणसं पुढे जातात, तेव्हा हा काय बघणार होता?

आणि तिला हेही कळत होतं, की आपण तोंड उघडलं तर क्लब दादाला दुसऱ्या दिवशी बंद. रविवारी सामने होते. त्याने सदरासुद्धा इस्त्रीला दिला होता.

दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. नवऱ्याने विचारलं तर त्याच्यावरच डाफरली. शेवटी तिने एक गोष्ट केली, जी आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाशी केली नव्हती. बारीक पाती काढून टाकली आणि पहिली, कारखान्यातून आलेली जाड पाती परत बसवली. दादाला दुपारी बोलावून घेतलं. गोळ्यांची चक्री उघडून रिव्हॉल्वर रिकामं असल्याची खात्री केली, ते त्याच्या हातात दिलं आणि समोरची पांढरी भिंत दाखवली.

"अजून बारीक केलीय. बघ."

दादाने हात लांब केला. हात अजून कसा स्थिर होता. बराच वेळ तो बघत राहिला आणि म्हणाला, "आता कसं. दोन्हीकडे छान उजेड दिसतोय."

तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "दादा, ही जुनीच पाती आहे. सगळ्यात जाड."

त्याने रिव्हॉल्वर हळूच टेबलावर ठेवलं. "माझी परीक्षा घेतेस?"

"हो."

"मी तुला शिकवलं, आणि तू मला फसवतेस?"

"तूही फसवलंसच की. उजेड दिसतोय म्हणालास."

तो खूप चिडलाय असं तिला वाटलं. पण आवाज निघाला तो थकलेला. "काय म्हणू मग? नाही म्हटलं असतं तर तू का म्हणून विचारलं असतंस."

"काय दिसतं तुला, खरं सांग."

"कडेकडेचं दिसतं. मधलं दिसत नाही. तिथे डाग आहे, जिकडे बघावं तिकडे पुढे पुढे येतो. डॉक्टर म्हणाले, आता मागे फिरायचा नाही." तो थांबला. "तुझ्याकडे बघितलं तर कान दिसतात. तोंड दिसत नाही."

गेले कित्येक महिने तो बोलताना तिच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघायचा. आपलं काहीतरी चुकलं, दादा रागावलाय, असं समजून तीही मनात धरून बसली होती. नवऱ्याजवळ त्याच्या तक्रारी केल्या होत्या. ते सगळं आठवून तिला स्वतःची शरम वाटली.

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू हे काढून घेतलं असतंस."

"हो."

"रविवारचं तेवढं होऊ दे, ठमे. मग मी स्वतःच सेक्रेटरींना सांगतो."

दादाने आयुष्यात तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. द्यायचं काम त्याचं आणि घ्यायचं तिचं, असंच चालत आलं होतं. एक रविवार तो काय, असं तिच्या ओठांवर आलं. मग पोस्टमास्तर डोळ्यांपुढे आले, कोरा कागद हातात घेऊन पुढे चालत निघालेले.

"नाही," ती म्हणाली. "आज सांगायचं. मी येते बरोबर."

तिने रिव्हॉल्वर शिकंज्यात धरलं, बारीक पंच आणि हातोडी घेतली आणि पाती धरून ठेवणारी पिन ठोकून काढायला लागली. पाती नसलेल्या रिव्हॉल्वरवर नेम धरता येत नाही, आणि आपण उद्या विरघळू हे तिला ठाऊक होतं. पण डोळे भरले होते, पिन काही केल्या हलेना.

दादा मान एका बाजूला वळवून ऐकत होता.

"उजवीकडून ठोकतेयस," तो म्हणाला. "वाकेल ती. डावीकडून घे."

तिने शिकंजा सैल करून रिव्हॉल्वर फिरवलं.

"हं. आता हळू मार," दादा म्हणाला, आणि पिन बाहेर पडेपर्यंत तिच्या शेजारी उभा राहिला.