डावीकडून उठलेले हात

पद्माअक्कांचं नाव आधी लिहितो, मग काय झालं ते. अक्का आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या चेन्नईत, गिंडीतल्या ऑफिसात क्लार्क होत्या. तंजावरकडच्या मराठी, शब्द मराठी, चाल तमिळ. मी नववीत शाळा सोडून बार्शीहून आलेला. मी कामाला होतो ते वर्कशॉप बंद पडून मी रस्त्यावर आलो, तेव्हा त्यांनीच मला कॅम्पच्या कामाला लावलं. म्हणजे गावात मंडप टाकायचा, माहिती सांगायची, माणसं जमवायची.

दोन हजार सहाची गोष्ट. चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर काचबिंदूचा कॅम्प होता. काचबिंदू म्हणजे मोतीबिंदू नव्हे. यात बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस हळूहळू मरते आणि नजर कडेकडून जात राहते. सहसा काही दुखत नाही. समोरचं बरीच वर्षं स्वच्छ दिसतं. त्यामुळे तपासायला कोण येणार?

त्या दिवशी मात्र आले. माशांचा लिलाव संपला आणि रांगच लागली. डॉक्टर एक, दाब मोजायचं मशीन एक. कोऑर्डिनेटर मुरली सरांचा नियम होता की चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा दाब मोजायचा. आणि तेच सर फोनवर सारखं विचारत होते, किती झाले, किती झाले. लोक कंटाळून निघून जातील आणि माझी नोकरी जाईल, या धास्तीने मी शॉर्टकट काढला. E अक्षराचा तक्ता असतो; अक्षराची टोकं कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. शेवटची ओळ जमली की कार्डावर ‘नॉर्मल’चा शिक्का मारून मी घरी पाठवू लागलो.

अंजलै सहज पास झाली. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची. तिथल्या माशांचा लिलाव तीच पुकारायची. शिक्का मारला, तोच अक्कांनी तिचं कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं.

कॅम्पची कार्डं लिहायला आलेल्या अक्का सकाळभर नाकाला पदर लावून लिलाव बघत उभ्या होत्या. जिच्या घरात कधी मासा आला नाही अशी बाई. त्या म्हणाल्या, लिलावात लोक बोली तोंडाने लावत नव्हते, बोटं वर करून लावत होते. समोरच्यांची बोली अंजलै लगेच घेत होती. डावीकडच्यांचे हात तसेच वर राहत होते. त्यांतला एक चिडून म्हणत होता की अंजलै आता माणसं बघून मासे देते, उद्यापासून पुकारायला दुसरं कुणी बघा.

“तिला बसीव समोर,” अक्का म्हणाल्या. “कशी बघायची, डॉक्टर शिकवले ना तुला?”

शिकवलं होतं. मी विसरलो नव्हतो, टाळलं होतं.

आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो. तिने उजवा डोळा झाकला, मी माझा डावा. दोघांनी एकमेकांच्या नाकाकडे बघायचं. मी तिच्या डावीकडून बोट हलवत आत आणू लागलो. मला बोट दिसत होतं. तिला नाही. आणखी आत आणलं. तरी नाही. जवळजवळ तिच्या नाकासमोर आल्यावर ती म्हणाली, “हां, आलं.”

कणभर अक्षर ओळखणारा डोळा, आणि वीतभर अंतरावरचा हात त्याच्या लेखी नव्हताच. तिथे काळोख दिसतो का, म्हणून मी विचारलं. ती हसली. काळोख कसला, सगळं पूर्ण दिसतंय की. डॉक्टरांनी नंतर समजावलं की गेलेली जागा मेंदू गुपचूप भरून टाकतो. हे इतकं अचाट आहे की मला अजून कधीकधी भीती वाटते.

दाब फार निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर येणार नाही. रोज थेंब घातले तर उरलेली राखता येईल. अंजलै माझ्याकडे न बघता म्हणाली, “म्हणजे ते लोक हात वर करत होते?”

अक्का हो म्हणाल्या.

ती उठून तडक त्या चिडलेल्या व्यापाऱ्याकडे गेली. तू खरं बोलत होतास, मला दिसत नव्हतं, असं चारचौघांत सांगितलं. तो आधी वरमला, मग म्हणाला, “माझ्या बायकोलाही दाखवतो.” दुसऱ्या दिवसापासून अंजलै नावेला पाठ लावून उभी राहू लागली आणि सगळे तिच्या समोर. पुकारणं तिच्याकडेच राहिलं.

मी शिक्का मारलेली कार्डं घरोघर फिरून परत गोळा केली. त्या सगळ्यांचा दाब मोजला. आणखी एकाचा जास्त निघाला. अक्कांनी बजावलं म्हणून मुरली सरांना स्वतःच सांगितलं. त्यांनी लेखी मेमो दिला आणि पुढचा कॅम्पही दिला.

तक्ता वाचता आला म्हणजे डोळे तपासून झाले, असं नाही. एवढं कळायला मला एक मेमो लागला.

अक्का आता रिटायर झाल्या आहेत. मराठी बोलण्यात जन्म गेला, पण महाराष्ट्र त्यांनी अजून पाहिलेला नाही. एकदा त्यांना बार्शीला नेणार आहे, माझ्या आईच्या हातचं जेवायला. तिकिटं मी काढीन, खिडकीची जागा त्यांची.