पिशवीवरचं नाव

पुण्याहून सकाळच्या गाडीने निघाले तेव्हा माझ्या खांद्यावर एक कापडी पिशवी होती आणि तिच्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत छापलेलं होतं : साकू. आमच्या वाचनगटातल्या प्रत्येकीकडे ही पिशवी आहे. साकू म्हणजे ‘दुपारचे जिने’ या कादंबरीची नायिका. कादंबरीभर तिला नाव नाही. एका लांबलचक दुपारी ती घरातल्या माणसांना जेवण वाढत राहते. वाक्यं मधेच तुटतात, काळ मागेपुढे होतो आणि शेवटच्या पानावर एकच शब्द येतो : साकू. बाईला अखेर स्वतःचं नाव सापडतं, असं आमच्या गटाचं म्हणणं.

मी इंग्रजी शाळेत शिकले. पूर्ण वाचलेली ही माझी पहिली मराठी कादंबरी. कॉलेजात असताना, ओळीखाली बोट ठेवून वाचलेली. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. गप्प बाईलाही शेवटी नाव मिळतं, एवढ्यावर मी बरीच वर्षं काढली.

लेखिका सोलापूरच्या. त्या होत्या तेव्हा पुस्तक फारसं कोणी वाचलं नाही. आता मुली त्यातली वाक्यं फोनच्या कव्हरवर छापून घेतात. आमच्या गटाच्या पुढाकाराने नवी आवृत्ती निघणार होती आणि तिच्यासाठी लेखिकेचा फोटो हवा होता. तो त्यांच्या पुतणीकडे होता. कोणीतरी जाऊन आणायचा होता. न बोलणाऱ्या माणसाच्या वाट्याला अशी कामं पटकन येतात.

कुर्डुवाडी मागे पडली तशी ज्वारी काढलेली काळी रानं सुरू झाली. मधून मधून कडब्याच्या गंजी. खिडकीचा गज हात लावू देईना. सोलापूरला उतरले तर ऊन जमिनीतूनच वर येत होतं.

रिक्षावाल्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे, आणि हसला.

“मॅडम, लई भारी लिवलंय की पिशवीवर.”

“तुम्ही वाचलंय?” मी विचारलं. अनोळखी माणसाला मी आपणहून प्रश्न विचारला, हेही नवलच.

“आत्ताच वाचलं की! आमच्या घरवालीला पायजे असली एक. भाजीवाल्यापुढं नुसती धरायची.”

मला विनोद कळला नाही. मी गटावर लिहिलं, ‘इथला रिक्षावालासुद्धा साकूला ओळखतो.’ लगेच लाल बदामांची रांग लागली.

पुतणीचं घर बाजारात, भुसार दुकानाच्या वर होतं. मिरचीचा खकाणा नाकात जात होता. उभा, अंधारा जिना चढताना कळलं, हेच ते जिने. मी दोन पायऱ्या परत उतरून फोटो काढला. वर लेखिकेची पुतणी, अक्का, उभ्या होत्या. सत्तरीच्या, कपाळाला विभूती, हात कमरेवर.

“जिना काय पळून जातोय व्हय? वर ये, भाकरी गार होतीय.”

पिशवीवरचा शब्द त्यांनी वाचला आणि ताटं मांडली. त्यांचे थोरले भाऊ, अण्णा, दुकान नोकरावर सोपवून जेवायला आले होते. ताटात ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, डाळ आणि हुग्गी (गव्हाची खीर). अक्का वाढत होत्या. अण्णांचं ताट रिकामं दिसलं की पळी पुढे यायची. तिसऱ्यांदा पळी आली तेव्हा अण्णांनी ताटावर आडवा हात धरला.

“साकु, साकु.”

मी दाराकडे पाहिलं. कोणी आलं नाही.

“या घरात कोणी साकू आहे?”

अण्णांचा घास हातातच राहिला. मग ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. “अगं बाय, साकु म्हंजे पुरे! कानडी हाय ते. पोट भरलं, बास!”

अक्का हसल्या नाहीत. पळी पातेल्यात ठेवून त्या माझ्यासमोर बसल्या.

“आमची चिगव्वा (धाकटी काकू) सगळ्यात शेवटी जेवायची. जेवणारा म्हणतो साकु. वाढणारीला कोण विचारतंय? तिनं पुस्तकातल्या बाईला ते एकदाच म्हणायला लावलं. ते तुमी तिचं नाव केलं.”

“पण छापलंय तर साकू...”

“तिनं ऱ्हस्व लिवलं हुतं. पुण्यात कुणीतरी दीर्घ केलं. शेवटचा उकार दीर्घ म्हणे. कानडी शब्दापुढं कंसात अर्थ घालू का, असं छापणाऱ्यांनी इचारलं हुतं तिला. ही म्हणाली, नको. ज्याला पायजे तो इचारंल.”

“मग?”

“मग काय. वाट बघितली की. कुणी इचारलं न्हाई.”

“आणि दुसरं पुस्तक?”

“न्हाई लिवलं.”

“इथल्या लोकांनी तरी सांगायचं होतं.”

“हितं सगळ्यांना ठाऊकच हाय. आन् आमाला कोण इचारायला आलंय?”

मांडीवरची पिशवी मी उलटी केली. मागच्या बाजूलाही छापलेलं होतं.

जेवणानंतर अक्कांनी फोटो आणला. जिन्याच्या कठड्याला टेकलेली एक बारीक बाई. हात ओले असावेत, ते अंगापासून दूर धरलेले. बघत भलतीकडेच होती.

“देते. पण पुस्तकात कंसात एवढंच घाला : पुरे. ती नको म्हणाली हुती. पण आता वाट बघायला ती हाय कुटं?”

मी जिन्यात जाऊन आमच्या गटाच्या प्रमुख ऋताताईंना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“इंटरेस्टिंग आहे गं. पण तो एक अर्थ झाला. पुस्तक एकदा वाचकाचं झालं की झालं. आणि कव्हर छापून तयार आहे, साकूचं नाव घालून. ‘पुरे’ कोण विकत घेईल? तू आत्ता हो म्हण, नंतर बघू. नाहीतर गुपचूप क्लिक कर.”

वर आले तर फोटो सतरंजीवर ठेवून अक्का आत गेल्या होत्या. भांड्यांचा आवाज येत होता. माझ्या हातात फोन होता. त्या बाईच्या हातांकडे बघत मी उभी राहिले. कोणाला न सांगता, न विचारता घेतलेली ती आणखी एक गोष्ट झाली असती. मी फोन पिशवीत टाकला आणि स्वयंपाकघराच्या दारात गेले.

“अक्का, आमच्या ताई ते बदलणार नाहीत. मला खोटं सांगायला सांगितलंय.”

अक्कांनी पदराला हात पुसले. बाहेर येऊन फोटो उचलला, कपाटात साड्यांच्या खाली ठेवला.

“मग ऱ्हाऊ दे तिला हितंच. लई वर्षांनी निवांत बसलीय.”

निघताना त्यांनी कडक भाकरी आणि चटणी कागदात बांधून दिली. नको म्हणण्यासाठी मी हात आडवा धरला. ‘साकु’ मात्र जिभेवर आलं नाही. त्यावर माझा हक्क नव्हता.

परतीच्या गाडीत पिशवी पायाशी ठेवली होती. आम्हाला ती बाई आवडत होती, यात खोटं काही नाही. पण आम्हाला आवडत होतं ते तिचं गप्प बसणं. तिने तोंड उघडून एक शब्द उच्चारला, तर त्याचंही आम्ही बारसं केलं. आणि मी, जिला गप्प माणसाचं ऐकू यायला हवं होतं, तीही त्यांच्यातच होते.

नवी आवृत्ती आली. फोटोच्या जागी एक रेखाचित्र आहे, पाठमोऱ्या बाईचं. प्रकाशनाला मी गेले नाही. गटावर शुभेच्छा वाहत होत्या, माझ्या सोलापूर ट्रिपचे आभारही होते. मी बराच वेळ ओळीखाली बोट ठेवून सगळं वाचलं. मग एकच शब्द लिहिला, ‘साकु’, आणि गट सोडण्यासाठी बटण शोधू लागले.

ते सापडेपर्यंत खाली लाल बदामांची रांग लागली होती. सगळ्यात शेवटी ऋताताईंचा निरोप होता : ‘कू दीर्घ गं, राणी.’